ग्रासइतकंच कनौजही बघा

सुट्टीत फ्रान्समधल्या ग्रासला जाऊन स्वतःचं परफ्यूम बनवल्याचा हा लेख फार आवडला. पण अशा कार्यशाळेत हाती येतात ते तयार अर्क. सुगंध मुळात निघतो कसा, हे बघायचं तर उत्तर प्रदेशातल्या, अत्तरांसाठी प्रसिद्ध कनौजला जा. आम्ही नागपूरहून गेलो होतो. तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, वाळ्याची मुळं नि पाणी, झाकण मातीनं लिंपलेलं. वाफ बांबूच्या चोंग्यातून (नळीतून) पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे अत्तर गोळा करायच्या भांड्यात, चंदनतेलात उतरते. कारागीर हात लावून उष्णता ओळखतो! आईला तर आपल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्याच आठवल्या. आणि हो, कार्यशाळेत स्वतःचं मिश्रण केलं की लगेच पसंत करू नका. मनगटावर लावून तासाभराने पुन्हा वास घ्या. संत्र्यालिंबाचे वास आधी उडतात, चंदन मागे राहतं.