व्हीपीएफ बंद केलेल्या वाचकास : अडीच लाखांत कंपनीचा हिस्सा धरायचा नाही

नमस्कार डोंबिवलीकर,

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि आधी माझाच लेख उघडून पुन्हा वाचला. ‘पीएफमध्ये वर्षाला अडीच लाखांच्या वर पैसे गेले की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो,’ असं मी लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही एप्रिलमध्ये व्हीपीएफ, म्हणजे १२ टक्क्यांच्या वर स्वेच्छेने पीएफमध्ये भरायची रक्कम, बंद केला. दिवाळीनंतर सहकाऱ्याने सांगितलं की त्यात कंपनीचा हिस्सा धरतच नाहीत. ‘अर्धवट लिहिण्यापेक्षा लिहू नका,’ असं तुम्ही म्हणालात. तुमचा सहकारी बरोबर आहे. कोणाचे अडीच लाख, हे माझ्या वाक्यात यायलाच हवं होतं. चूक माझी आहे, मनापासून माफी मागतो.

तुम्ही दिलेले आकडे मी कागदावर मांडले. बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना ९५,०००. तुमच्या पगारातून १२ टक्के कापले जातात, म्हणजे महिना ११,४००, वर्षाचे १,३६,८००. कंपनीही तेवढेच भरते, पण त्यातले १,२५० पेन्शनकडे वळतात आणि १०,१५० पीएफला येतात. वर्षाचे झाले १,२१,८००. दोन्ही मिळून २,५८,६००. तुम्ही हीच बेरीज केली असणार, आणि व्हीपीएफ नसतानाच मर्यादा ओलांडली असं तुम्हाला वाटलं असणार. पासबुकात कर्मचारी, नियोक्ता आणि पेन्शन असे तीन रकाने शेजारी शेजारी असतात, त्यातला फक्त पहिला बघायचा. तुमचा महिना ९,००० चा व्हीपीएफ त्या १,३६,८०० मध्ये मिळवला तरी होतात २,४४,८००. तुम्ही मर्यादेच्या आतच होता. बंद करायचं काही कारणच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि समजा गेला असतात वर, तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. दंड नाही, मुद्दलावर कर नाही. १ एप्रिल २०२१ पासूनचा नियम एवढाच आहे की वरची रक्कम पीएफमध्येच एका वेगळ्या, करपात्र हिशेबात ठेवतात आणि तिच्या व्याजावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस (करावरचा उपकर) धरून कर जाऊन हातात ५.७ टक्क्यांच्या आसपास उरतं. बँकेच्या एफडीच्या व्याजावरही तितकाच कर असतो, तेव्हा तुलना करपश्चात आकड्यांचीच करावी. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे: एकदा त्या हिशेबात गेलेली रक्कम तिथेच राहते. पुढच्या वर्षी तुम्ही मर्यादेच्या आत राहिलात तरी जुन्या जादा रकमेच्या व्याजावर दरवर्षी कर लागत राहतो. ३१ मार्च २०२१ पर्यंतची शिल्लक मात्र कितीही मोठी असली तरी या नियमाबाहेर आहे.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. ‘मी नवीन करप्रणालीत आहे, तिथे पीएफवर सवलतच नाही, मग मर्यादांची चर्चा कशाला?’ असं तुम्ही विचारलंत. इथे दीड लाख आणि अडीच लाख एकमेकांत मिसळले आहेत. दीड लाख ही ८० सी या आयकर कलमाखाली उत्पन्नातून वजावट घेण्याची मर्यादा. ती नव्या प्रणालीत मिळत नाही, हे खरं. अडीच लाख ही व्याज करमुक्त राहण्याची मर्यादा, आणि ती दोन्ही प्रणालींत आहे. म्हणजे पैसे घालताना सवलत नसली तरी व्याजावरची आहे, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत खरी रक्कम व्याजानेच वाढते. शिवाय कंपनीने तुमच्या नावे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) बेसिक व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेल्या रकमेची वजावट नव्या प्रणालीतही मिळते. ही सोय तुमच्याकडे आहे का, ते एचआरला जरूर विचारा. कंपनीचा पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन (कंपनीचा निवृत्तीनिधी) मिळून वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेलं तर जादा रक्कम तुमच्या उत्पन्नात धरतात, पण तुम्ही तिथून खूप लांब आहात.

गेल्या एप्रिलपासून न भरलेल्या रकमेची जागा पुढच्या वर्षात वापरता येत नाही. दरवर्षीचे अडीच लाख त्या वर्षापुरतेच. म्हणून येत्या एप्रिलचा व्हीपीएफचा फॉर्म चुकवू नका. बऱ्याच कंपन्या व्हीपीएफ बदलायला वर्षातून एकदाच देतात. तुमची पगारवाढ जुलैत होते असं लिहिलंय. बेसिक १० टक्क्यांनी वाढलं तर तुमचे १२ टक्केच वर्षाला १,४७,०६० होतील, आणि जुने ९,००० चालू ठेवले तर पाच हजारांनी वर जाल. फॉर्मवर टक्क्यांऐवजी रक्कम लिहायची सोय असेल तर ८,५०० लिहा. एकूण २,४९,०६० होतील.

मूळ लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय, आणि ते कोणामुळे दुरुस्त झालं हेही तिथेच लिहिलंय.