खिडकी धरायला कुणी आहे का?

गोव्यात सांजांवला, म्हणजे २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाला, लोक डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. आपल्या मर्जीने मारतात. मला त्याच्या आदल्या रात्री फोंड्यात, माझ्याच अंगणात, माझ्याच गादीवर, काही न विचारता भिजवण्यात आलं. घरात पाहुणे भरलेले, म्हणून मी मोटरहोममध्ये झोपायला गेलो होतो. मोटरहोम म्हटल्यावर भलतंसलतं डोळ्यांसमोर आणू नका. जुनी मिनीबस, आत पलंग नि शेगडी, आणि पलंगाच्या कडेला अ‍ॅक्रिलिकची खिडकी. तिच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी आलं ते थेट कानात.

ही खिडकी मी गेल्या वर्षी 'कायमची' दुरुस्त केली होती. बाहेरून चारी बाजूंनी सिलिकॉन फासून. बायकोने सकाळी गादी उन्हात टाकायला काढली. ऊन नव्हतंच. पण ती काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

उघडीप दिसताच कामाला लागलो. या खिडकीला दोन चौकटी असतात, एक बाहेरून, एक आतून, मध्ये गाडीची भिंत. आतून स्क्रू आवळले की दोन्ही एकमेकींना घट्ट धरतात. बावीस स्क्रू काढले. आतलं प्लायवूड चहात बुडवलेल्या टोस्टासारखं झालं होतं. मग जुन्या एटीएम कार्डाने सिलिकॉन खरवडायला बसलो. जुन्या सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही, हे मला तीनशे रुपयांची ट्यूब संपवल्यावर कळलं होतं. इथे लागते ती ब्यूटाइलची टेप. ती बरीच वर्षं सुकून कडक होत नाही, म्हणून गाडी खड्ड्यांत हलली तरी जागा सोडत नाही. हार्डवेअरवाल्याकडे ती मागितली तेव्हा त्याने मला समोरच्या पार्लरची पाटी दाखवली होती. शेवटी ऑनलाइन मागवली.

एवढ्यात शेजारचे काका आले. स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन. काकांनी तीस वर्षं फोंडा-पणजी बस चालवली आहे, त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा हक्क पोचतो.

"कितें जालें रे?"

"खिडकी गळते, काका."

"म्हणजे पाऊस आत येतो."

"हो."

"येणारच. जून आहे."

खुर्ची नीट मांडून झाली. "माझ्या बसच्या सगळ्या खिडक्या गळायच्या. तीस वर्षांत एका पाशिंजराने तक्रार केली नाही."

"मग लोक काय करायचे?"

"छत्री उघडून बसायचे."

"बसमध्ये?"

"मग काय, बाहेर? बाहेर पाऊस असायचा."

यावर काय बोलणार! बायकोने चहा दिला. त्यांना आधी. मग उपाय सुरू झाले. एम-सील लाव. डांबर ओत. खिडकीच काढून पत्रा ठोक, तसाही बाहेर बघण्यासारखं काय आहे? थिनरने पूस. थिनर अ‍ॅक्रिलिकला लागलं तर काचेत बारीक बारीक तडे जातात, असं सांगितलं, तर म्हणाले, "तडे बारीक असले तर कशाला घाबरतोस?" मी पत्रा पुसायला स्पिरिटची बाटली उघडली तेव्हा मात्र ते वास घेऊन क्षणभर गप्प बसले. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, हंगाम संपल्याचं दुःख असावं.

आता मुख्य गोष्ट. खिडकी बसवायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून दाबून धरायची, दुसऱ्याने आतून स्क्रू आवळायचे.

"काका, पाच मिनिटं धरता?"

"कंबर रे माझी."

हीच कंबर खुर्ची उचलून आली होती. हीच कंबर नंतर माझं काम नीट दिसेना म्हणून त्या खुर्चीवर उभी राहिली. आपल्याकडे गाडी चिखलात रुतली की सहा जण धावत येतात आणि सहाही जण "स्टेअरिंग डावीकडे काप" म्हणतात. ढकलायला कुणी नाही. गेल्या वर्षी माझी गाडी रुतली तेव्हा एकाने तर मोबाइलवर शूटिंग करता करता मला जरा बाजूला सरकायला सांगितलं. हे विनोदाने लिहितोय खरा, पण परवा खिडकी दोन्ही हातांनी पेलून उभा होतो, डिचोलीच्या बाजूने काळं येताना दिसत होतं, आणि मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

"ही भोकं कसली?" खुर्चीवरून आवाज आला.

बाहेरच्या चौकटीच्या तळाला दोन बारीक फटी होत्या, माझ्या सिलिकॉनने लिंपलेल्या. खिडकीच्या कडेच्या रबराच्या मागे थोडं पाणी जातंच, ते बाहेर पडायची ती वाट. मी ती बुजवली होती. पाणी चौकटीत तुंबलं आणि आत उतरलं.

"मागचं दार बंद केलंस," काका म्हणाले, "तर पाशिंजर पुढून उतरणारच."

तीस वर्षांत ते इतकं शहाणं एकच वाक्य बोलले असतील, आणि ते माझ्याविरुद्ध.

काडीने फटी मोकळ्या केल्या. चौकटीला टेप लावली, कपडे वाळत घालायची दोरी अख्ख्या गाडीभोवती गुंडाळून खिडकी बांधली, आणि आत-बाहेर पळत बावीस स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. सोऱ्यातून चकली यावी तसं काळं ब्यूटाइल कडेने बाहेर आलं. दहा मिनिटं पाइपने पाणी मारलं. आत टिपूस नाही.

संध्याकाळी पोदेर पाव देताना म्हणाला, "काकांनी खिडकी बसवली म्हणे."

आज सकाळी कुंपणावरून काकांचा निरोप आला. त्यांच्या भाच्याच्या व्हॅनच्या तीन खिडक्या गळतात, म्हापशाला. रविवारी नऊला तयार राहायचं. टेप माझी. खुर्ची ते आणणार आहेत.