नळाला धार नाही म्हणून मोटर मोठी?

उन्हाळा लागला की बंगले आणि रो-हाउसवाल्यांच्या ग्रुपवर एक निरोप हमखास फिरू लागतो. त्याचं सार असं: ‘बोअरच्या पाण्याला जोर नाही? एक एचपीची मोटर काढून दोनची टाका, पाणीही जास्त मिळेल. टाकी मोठी घ्या. टाकीतून उतरणारा पाइप बारीक करा. तरी भागलं नाही तर बोअरची लाइन थेट नळांना जोडा. प्लंबर हे कधीच सांगत नाहीत.’ सांगत नाहीत, कारण यातलं बहुतेक चूक आहे. (काही सांगतातही. नवी मोटर विकली की चार पैसे सुटतात.)

आधी मोटर. आपल्याकडे बहुतेक घरांत बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून आपल्याच वजनाने नळाला उतरतं. पाणी टाकीत पडलं की मोटरचा नळाशी संबंध संपला. टाकी एका एचपीने भरा नाहीतर पाचने, शॉवरचा दाब ठरतो तो टाकीतली पातळी शॉवरच्या किती वर आहे यावर. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरमागे साधारण एक किलो दाब मिळतो. वरच्या मजल्यावरचा शॉवर पातळीपासून दोन मीटर खाली असेल तर त्याच्या वाट्याला 0.2 किलो येतो. खालच्या मजल्याला तोच अर्ध्या किलोच्या आसपास जातो. खाली धार चांगली आणि वर मात्र केविलवाणी असेल, तर बहुधा बिघाड असा काही नाहीच, उंची अपुरी आहे.

मोठ्या टाकीचंही तेच. दाबाला लिटर कळत नाहीत. 500 ऐवजी 2000 लिटरची टाकी बसवली तर पाण्याची पातळी अर्धा-पाऊण मीटर वर जाईल, म्हणजे दाब वाढला फार तर 0.07 किलो. आणि स्लॅबवर दीड टन जास्तीचा भार आला तो वेगळाच. आहे त्याच टाकीखालचा कट्टा मीटरभर उंच केला तर याहून जास्त फायदा होतो.

बारीक पाइपची कल्पना बागेतल्या नळीवरून आली असावी. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते खरी, पण बादली भरायला वेळ जास्त लागतो. शिवाय अंगठा शेवटच्या टोकाला असतो. टाकीपाशीच पाइप बारीक केला तर दाब वाटेतच खर्ची पडतो. एक इंची पाइपाच्या जागी अर्धा इंची टाकून तेवढंच पाणी न्यायचं म्हटलं, तर घर्षणात जाणारा दाब तीसेक पट होतो. टाकीतून निघणारी लाइन सव्वा किंवा दीड इंची असावी, अर्धा इंच फक्त नळापाशी.

खरा चोर बहुतेक वेळा क्षार असतो, आणि त्याचं नाव त्या निरोपात कुठेच नाही. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. नळाच्या तोंडाची जाळी, शॉवरची भोकं, अँगल कॉक, गीझरचं तोंड, सगळीकडे पांढरा थर बसतो. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात गंज आणि क्षार मिळून बोटभर जागा उरते. एकाच नळाला धार नसेल तर जाळी काढून व्हिनेगरमध्ये टाका. फक्त गरम पाण्यालाच नसेल तर गीझर किंवा सोलरची लाइन बघा. पूर्ण घराला नसेल तर टाकीच्या तोंडाशी गाळ आहे का, आणि गेट व्हॉल्व्ह खरोखर उघडतोय का, ते तपासा. चाक फिरतं पण आतली झडप तुटून खाली बसलेली, हे फार पाहायला मिळतं. टाकी रिकामी झाल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर लाइनीत हवा अडकली असणार. टाकीच्या आउटलेटवर व्हेंट पाइप (हवा निघून जाण्याची उभी नळी) आहे ना, तो टाकीच्या वर गेलाय ना, ते पाहा.

‘मोठी मोटर म्हणजे जास्त पाणी’ यात अर्धं खरं आहे. मोटर ओढेल, पण झऱ्याने दिलं पाहिजे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बसाल्टवर आहे. तिथे पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं, आणि बोअरची आवक त्या भेगा ठरवतात. टाकी उशिरा भरत असेल तर पाणी पडतं तिथे बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. आधी जोरात, मग हवा मारत तुटक पाणी येतंय आणि पॅनलवरचा अँपिअरचा काटा खाली येतोय? आवक कमी आहे. मोठी मोटर इथे आणखी लवकर कोरडी पडेल आणि जळेल. पाणी एकसारखं पण कमी येत असेल तर बोअरच्या तोंडाशी कान द्या. आत पाणी कोसळल्याचा आवाज आला तर पाइपाला भोक आहे किंवा जोड सुटलाय. मोटर चालू केल्यावर पाणी वर यायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागत असेल तर एनआरव्ही, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळतोय. व्होल्टेज आणि कॅपॅसिटरही पाहून घ्या. या सगळ्यातून सुटलं तरच पंपाचे इम्पेलर (पाणी ढकलणारी फिरती चाकं) रेतीने झिजल्याचा संशय घ्यायचा.

मोटर बदलायचीच झाली तर नुसता एचपी विचारू नका. एकाच एचपीत जास्त स्टेजचा, म्हणजे एकावर एक जास्त इम्पेलर असलेला, पंप खोलवरून थोडं पाणी आणतो, कमी स्टेजचा उथळातून भरपूर. पाण्याची पातळी आणि टाकीची उंची सांगा, आणि त्या उंचीला मिनिटाला किती लिटर मिळतील ते विचारा.

थेट जोडणीचा सल्ला मात्र सरळ धोकादायक आहे. पाणी कुठेच जात नसताना 90 मीटर उंचीइतका दाब देणारा पंप आणि बोअरमध्ये 30 मीटर खोल पाणी, असा हिशेब धरा: सगळे नळ बंद झाले की घरातल्या जोडांवर सहा किलोच्या आसपास दाब. सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिक पाइपांचे) जुने जोड आणि लवचिक पाइप आधी जातात. पाणी हलत नसल्याने मोटरही तापते.

वरच्या मजल्याला दाब हवाच असेल तर टाकीच्या आउटलेटवर छोटा प्रेशर पंप लावावा, सोबत हवेची टाकी. तो सारखा चालू-बंद होत असेल तर तोही बदलायची घाई नको. वीज बंद करून लाइनीतलं पाणी सोडा आणि टायरच्या गेजने या हवेच्या टाकीतल्या हवेचा दाब मोजा. पंप ज्या दाबाला चालू होतो त्यापेक्षा तो 2 पीएसआय (टायरच्या गेजवरचं दाबाचं माप) कमी हवा. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय.