स्पेक एक, फाइली तीन

टीममध्ये तिघांचे कोड लिहिणारे तीन एआय असिस्टंट. स्पेक (काय नि कसं बनवायचं याचा लेखी आराखडा) मात्र एकच: आधी रिक्वायरमेंट्स, मग डिझाइन, मग टास्क. कागदावर झकास! पण कोपायलटला सूचना गिटहब फोल्डरात हव्यात, कर्सरला त्याच्या रूल्स फोल्डरात, क्लॉड कोडला 'क्लॉड डॉट एमडी'त. एक ओळ बदलली की तीन ठिकाणी पळा.

काल 'आधी स्पेक वाच' ही ओळ एका फाइलीत टाकायची राहिली. (माझीच चूक, कबूल.) झालं! स्पेकमध्ये 'रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत; पूर्णांकच' असं ठणकावून लिहिलेलं असताना असिस्टंट महाराजांनी फ्लोट (म्हणजे दशांश संख्या) घातला, वर टास्कपुढे 'पूर्ण' म्हणून टिक! टेस्ट? त्याही त्यांनीच लिहिलेल्या, सगळ्या हिरव्यागार, म्हणजे पास.

आता म्हणे 'एजंट्स डॉट एमडी' ही सगळ्यांसाठी एकच फाइल. बरं. म्हणजे चौथी.