आयडी विकली, आता कर कुठल्या खान्यात?

मागच्या रविवारी सुदामानगरचे एक जुने ओळखीचे घरी आले. बरोबर सतरा वर्षांचा मुलगा आणि हातात बँकेचं स्टेटमेंट. तीन नोंदींखाली पेनाने रेघा मारलेल्या. सोळा-सोळा हजार, तिन्ही यूपीआयने आलेले, नावं अनोळखी. एकूण 48,000 रुपये. मुलाने बीजीएमआय या मोबाइल गेमची आयडी, म्हणजे गेममधलं आपलं खातं, विकली होती आणि पैसे वडिलांच्या खात्यात घेतले होते.

"एका सल्लागाराने सांगितलं, हे क्रिप्टोसारखंच आहे, 30 टक्के भरा आणि मोकळे व्हा. भाऊ, तुम्ही सांगा, काय करू?"

मी इंदुरात वीस-बावीस वर्षं लोकांचे रिटर्न भरतोय. दुकानदार, शिक्षक, सराफ्यातले कारागीर, सगळे येतात. पण या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. दोन रात्री कायदा उघडून बसलो, तेव्हा कुठे थोडं उलगडलं. ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न आता घराघरात येणार आहे.

मुलाने विकण्याआधी काढलेला व्हिडिओ दाखवला. गेममधल्या बंदुका, पोशाख, एकेक पुढे सरकवत होता. "काका, ही एम416 बंदुकीची ग्लेशियर स्किन. क्रेट उघडून उघडून निघाली." क्रेट म्हणजे गेममधली पेटी, आत काय निघेल ते नशीब. मग तो गप्प झाला. तीन वर्षं लावली होती त्याने. यूसीवर, म्हणजे गेममधल्या पैशांवर, सगळे मिळून एकोणीसेक हजार घातले असतील. काही आईच्या फोनवरून, काही वडिलांच्या, आणि काही आजोबांनी दिवाळीला दिलेल्या पैशांतून जेल रोडवर रोख घेतलेले रिचार्जचे कोड. त्या कोडांची पावती कोण देतो आणि कोण जपून ठेवतो!

आता कायदा. 2022 च्या वित्त कायद्याने 'आभासी डिजिटल मालमत्ता' ही नवी जात आणली. तिच्या विक्रीतून झालेल्या उत्पन्नावर सरसकट 30 टक्के कर, वर 4 टक्के उपकर. खरेदीची किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही, एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता होत नाही, करमाफीची मर्यादाही लागू नाही. हे सगळं आणलं क्रिप्टोसाठी. पण व्याख्या वाचा: क्रिप्टोग्राफीने 'किंवा अन्यथा' तयार झालेली माहिती, कोड, आकडा किंवा टोकन, ज्याला मूल्य आहे आणि जे इलेक्ट्रॉनिक मार्गाने हस्तांतरित करता येतं. त्या 'किंवा अन्यथा'मध्ये गेममधली बंदूकसुद्धा ओढली जाऊ शकते. 30 जून 2022 च्या अधिसूचनेने गिफ्ट कार्डं, रिवॉर्ड पॉइंट, ॲपची सदस्यता वगैरे या व्याख्येतून वगळलं. गेमच्या वस्तूंचं नाव त्यात नाही.

हिशेब मांडून बघा. या खान्यात टाकलं आणि खरेदीचा पुरावा नसला तर 48,000 वर 14,976 रुपये कर. साधं उत्पन्न धरलं तर त्या मुलाचा कर शून्य. शिवाय हाच सौदा 50,000 च्या वर गेला असता, तर घेणाऱ्याने, म्हणजे कुठल्या तरी गावातल्या दुसऱ्या एखाद्या पोराने, 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापून त्याचा फॉर्म भरायला हवा होता. हे कुणाला जमणार आहे?

कर नकोच, असं मी म्हणत नाही. रुपये खात्यात आले, उत्पन्न झालं, ते दाखवलंच पाहिजे. टेलिग्रामवर महिन्याला शंभर आयड्या घेऊन विकणारे लोक आहेत. त्यांचा तो धंदा आहे आणि धंद्याचा कर त्यांनी भरावा. चीनने 2008 मध्येच खेळाडूंकडून आभासी पैसा घेऊन चढ्या भावाने विकणाऱ्यांच्या नफ्यावर 20 टक्के कर लावला. मात्र खरेदीचा पुरावा नसेल तर खर्च किती धरायचा ते कर अधिकारी ठरवेल, अशी वाटही ठेवली. आपल्याकडे ती वाट नाही, आणि माझं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे.

खेळाच्या आत मात्र कराने पाऊल टाकू नये. आजीच्या पाटल्या ट्रंकेत असतात, सोन्याचा भाव वाढला म्हणून कुणी दरवर्षी कर मागत नाही. विकल्या की मग बघायचं. इथे तर भावाचा भरवसाच नाही. 2025 च्या दिवाळीत काउंटर-स्ट्राइक या गेमच्या कंपनीने एक नियम बदलला आणि गेममधल्या महागड्या चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले. जगभरातल्या खेळाडूंचं अब्जावधी डॉलरचं मूल्य गेलं. आदल्या दिवशीच्या भावाने कर घेतला असता तर तो कशातून भरायचा? आणि यूसी घेताना 18 टक्के जीएसटी त्या मुलाने आधीच भरलेला आहे.

पैसे लावून खेळायच्या गेमवर 2025 च्या कायद्याने बंदी आली, ते मला पटतं. त्या नादात बुडालेली घरं मी पाहिली आहेत. पण हा मुलगा जुगार खेळला नव्हता. क्रेट हा प्रकार मला पसंत नाही, तो वेगळा विषय.

अजून एक गोष्ट आईवडिलांना माहीत हवी. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आई किंवा वडील, ज्यांचं जास्त असेल त्यांच्या उत्पन्नात मिळवतात. पण मुलाने स्वतःच्या कौशल्यावर कमावलं असेल तर ते त्याचंच राहतं. तीन वर्षं खेळून वर चढवलेली आयडी हे कौशल्य नाही तर काय आहे? मी तरी तसंच धरणार. बहुतेक गेमच्या अटींत आयडी विकायला मनाई असते, हेही त्याला स्पष्ट सांगितलं. अट मोडली म्हणून आलेला पैसा करातून सुटत नाही.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एक परिपत्रक काढावं. गेममधल्या वस्तू 30 टक्क्यांच्या खान्यातून बाहेर, रुपये हातात आले की साध्या दराने कर, आणि लहान रकमेला खर्चाचा ठरावीक हिस्सा पावतीशिवाय मान्य. एवढंच.

आम्ही ठरवलंय, पूर्ण 48,000 मुलाच्याच नावावर दाखवायचे. त्याचं पॅन काढायला दिलंय. काल संध्याकाळी तो वही घेऊन आला. आईवडिलांच्या मेलमधून सापडलेली प्रत्येक खरेदी तारखेसकट उतरवली आहे. जेल रोडच्या कोडांपुढची जागा कोरी आहे.