खुलासा : वाइड लेन्स आणि ‘2.4 मीटर’चा मेसेज

‘24 एमएम लेन्स, एफ/8, फोकस 2.4 मीटरवर, 1.2 मीटरपासून इन्फिनिटीपर्यंत सगळं एकदम शार्प’ असा मेसेज फोटोग्राफीच्या ग्रुपांवर फिरतोय (एफ/8 म्हणजे लेन्सच्या छिद्राचं सेटिंग, इन्फिनिटी म्हणजे अगदी लांबवर). गणित बरोबर आहे, ‘एकदम शार्प’ मात्र नाही.

फोकसबाहेरचा बिंदू सेन्सरवर पसरून ठिपक्यासारखा उमटतो. हा आकडा फुल फ्रेमसाठी (36×24 मिमीचा सेन्सर) 0.03 मिमीचा असा धूसर ठिपका चालतो असं धरून काढलेला आहे. बेताच्या आकाराची छापील प्रत हातात धरून पाहायची, तेव्हाचा हा हिशेब. 24 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण 0.006 मिमीचा, म्हणजे लांबचा प्रत्येक बिंदू पाचेक पिक्सेलांवर पसरतो. कोकणकड्यावरून टिपलेल्या डोंगररांगा झूम केल्यावर मऊ दिसतात त्या यामुळेही. दरवेळी दोष धुक्याचा नसतो!

त्याच सेटिंगवर फोकस 10 मीटरवर नेलात तर लांबचा ठिपका जेमतेम पिक्सेलभर उरतो. शार्प भागाची जवळची हद्द 1.2 मीटरवरून सरकते ती फक्त दोन मीटरच्या आसपास. सौदा वाईट नाही.

लांबचं शार्प यावं म्हणून ‘फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवा’ हा उपायही फसवा आहे. बऱ्याच ऑटोफोकस लेन्सची रिंग इन्फिनिटीच्या पुढे जाते, आणि मग लांबचंही धूसर होतं. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट दृश्य) मोठा करून लांबच्या सुळक्याची कड पाहा आणि तिथे फोकस लावा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.