वेधात बघितलेलं भूत

काल रात्री मी भरल्या थिएटरात किंचाळलो. भुताला बघून किंचाळलो असतो तर एवढं लागलं नसतं. पडद्यावर त्या वेळी वाढदिवसाची पार्टी चालू होती.

'द कॉन्ज्युरिंग: लास्ट राइट्स' हा भुताचा सिनेमा शुक्रवारी लागला. शनिवारी अनंत चतुर्दशी, लालबाग-परळकडचे रस्ते बंद, म्हणून मला सापडला तो रविवार, ७ सप्टेंबर २०२५, रात्री पावणेदहाचा शो. आई म्हणाली, "आज खग्रास चंद्रग्रहण, दुपारपासून वेध लागलेत, उद्यापासून पितृपंधरवडा. भुतं बघायला तुला दुसरा दिवस नाही मिळाला?" खरंच नाही मिळाला. पहिल्या शनिवार-रविवारी बघितला नाही, तर व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी शेवट सांगून मोकळं होतं.

आणि मी काही हौशी प्रेक्षक नव्हे. पहिला भाग २०१३ साली बघितला, तेव्हापासून कपाटाचं दार उघडं ठेवून झोपत नाही. कपाटातून दोन हात बाहेर येतात आणि टाळ्या वाजवतात. बस्स, एवढंच. रक्त नाही, दात नाहीत, नुसत्या टाळ्या. दिग्दर्शक जेम्स वानने तेवढ्यात आख्खं थिएटर गार केलं होतं. त्यानंतर दुसरा आणि तिसरा भाग, मग याच मालिकेतले अ‍ॅनाबेलचे तीन बघितले, नन दोनदा सोसली. नवा धरून नऊ होतात. ('ला योरोनाचा शाप' हा सिनेमा यात धरायचा की नाही यावरून माझं एका मित्राशी बोलणं बंद आहे. धरायचा नाही.)

तर माझ्या उजवीकडच्या दोन खुर्च्यांवर काका-काकू येऊन बसले. काका सत्तरीचे, स्वेटर घालून. काकूंच्या मांडीवर पॉपकॉर्नचा मोठा टब, आणि त्या टबात वर तीन तुळशीची पानं.

मी बघत राहिलो, तेव्हा काकूंनीच खुलासा केला. तिकिटं मुलाने काढली होती, पॉपकॉर्नही त्याच्यातच आला. मग मुलगा विसर्जनाला नाचून नाचून आडवा झाला आणि पैसे परत मिळत नाहीत. "वेधात खायचं नसतं ना, म्हणून तुळस घातली. दीडला ग्रहण सुटलं की खाऊ." म्हणजे पावणेदहापासून दीडपर्यंत ती बाई तो टब तान्ह्या बाळासारखा घेऊन बसणार होती. हातही लावायचा नाही. वास मात्र माझ्या नाकात.

काका अस्सल मालवणी. सिनेमाच्या नावाचा अर्थ त्यांना मुलाने सांगितला होता: अंत्यविधी. त्यामुळे ते कुणीतरी जाण्याची वाट बघत बसले होते. पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी तीनदा विचारलं, "कोण गेलो?" काकू म्हणायच्या, "अजून कोण नाय." काका सुस्कारा टाकायचे. सोयर-सुतक कळल्याशिवाय त्यांना गोष्टीत लक्ष घालता येत नसावं.

गोष्ट अशी: पेन्सिल्व्हेनियात स्मर्ल नावाचं कुटुंब, साल १९८६, घरात एक जुना आरसा येतो आणि त्यामागोमाग पीडा. आरसा आला तसे काका खुर्चीत पुढे सरकले. "ह्यो आरसो हाडल्यान कोणी घरात?" मग कुणाला उद्देशून ते कळलं नाही, पण स्पष्ट आवाजात: "जागेवाल्याक नारळ दिल्यानी नाय, मगे त्रास होतलोच." पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी मागे वळून बघितलं. काकांना तेवढं पुरलं. पुढची दहा मिनिटं त्यांनी निदान चालवलं. मुंज्या नाही, कारण पिंपळ दिसत नाही. हडळ म्हणावी तर पाय नीट दिसत नाहीत. खवीस असेल, पण खवीस आरशात कशाला शिरेल? देवचार असता तर एवढ्यात चिलीम मागितली असती. शेवटी निकाल लागला: परदेशी आहे, आपल्यात बसत नाही. पण उपाय तोच. "एक नारळ नि एक कोंबो. इषय संपलो."

मी दोनदा 'शूऽऽ' केलं. काकूंनी मलाच हळूच सांगितलं, "बाळा, खोकला असेल तर गरम पाणी घे."

मला राग काकांचा आला होताच, पण त्याहून सिनेमाचा येत होता. स्मर्लांच्या घरात माणसं हवेत उचलली जातायत, आणि इकडे भुतं हुसकावणारं वॉरन जोडपं लेकीचं लग्न ठरवतंय. होणारा जावई, त्याची भीड, सासऱ्याचं हृदय, सासूचे डोळे भरून येणं. मी भूत बघायला आलोय की आईची संध्याकाळची मालिका? दिग्दर्शक मायकल चेव्हसने तिसरा भाग केला तेव्हा मी म्हटलं, असू दे, शिकेल. आता कळलं, त्याला भुतापेक्षा पाहुण्यांत रस आहे.

तर तो वाढदिवस. एड वॉरनचा. अंगणात माणसं, खाणं, हसणं. मी सैल होऊन पाठ टेकलेली. आणि अंधारातून एक बर्फासारखा गार हात माझ्या मानेवर पडला.

आवाज माझाच होता, हे मला दोन सेकंदांनी कळलं. तो किंचाळणं आणि शिंकणं यांच्या मधला होता, आणि त्यात 'आई' हा शब्द होता. माझं कोपर टबावर गेलं. पॉपकॉर्न तुळशीसकट पुढच्या रांगेवर.

काकांनी हात तसाच ठेवून विचारलं, "बाथरूम खंय रे?"

थिएटर हसलं. हसलं म्हणजे काय, दोनशे रुपयांत न मिळणारी करमणूक त्यांना फुकट मिळाली. त्यात काका, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "घाबरतंस तर येतंस कित्याक?" काकू म्हणाल्या, "असू दे हो, लहान आहे." मी अडतीस वर्षांचा आहे. माझ्या गृहकर्जाची नऊ वर्षं फेडून झाली आहेत.

इंटरव्हलमध्ये मी काकूंना नवा टब घेऊन दिला. किंमत सांगत नाही, तेवढ्यात दादरला दोघांचं मासळीचं ताट येतं. त्यांच्याकडे तुळस उरली नव्हती, म्हणून त्यांनी तोही खाल्ला नाही आणि मलाही देऊ केला नाही. ग्रहणात सांडलेलं बरं नव्हे, असं मात्र दोनदा म्हणाल्या.

उत्तरार्धात सिनेमा जरा जागा झाला, हे मान्य करतो. वॉरन एकदाचे त्या घरात पोचतात आणि आरसा कामाला लागतो. पण मला काय त्याचं? दचकायची जागा आली की पुढची पोरं पडद्याकडे न बघता मागे माझ्याकडे बघायची. बारा वर्षं या मालिकेला दिली मी. आणि शेवटच्या अर्ध्या तासात मीच तिच्यातलं पात्र.

कळस तर पुढेच होता. पडद्यावर भुताशी झटापट, आणि इकडे काकांना राहवेना. त्यांनी हात जोडले आणि खर्जात गाऱ्हाणं सुरू केलं. बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवाला साकडं, ह्या गोऱ्या लेकरांचा काय चुकला-माकला असात तर पदरात घे म्हाराजा. पुढची पोरं बहुतेक कणकवली-कुडाळकडचीच. त्यांनी एका सुरात साथ दिली: "व्हय म्हाराजा!" पुढच्या ओळीला आणखी आवाज. तिसऱ्याला अर्धं थिएटर. भूत गेलं तेव्हा टाळ्या पडल्या, त्या एडला की काकांना, सांगता यायचं नाही. मी हाताची घडी घालून बसलो होतो. तोंडातल्या तोंडात एकदा 'व्हय' म्हटलं असेन.

आणि शेवटी काय? लग्न. नाव अंत्यविधी, निघालं मंगलकार्य. काका उठता उठता काकूंना म्हणाले, "गेलो तो एकटो पाद्री! फसवल्यानी." नऊ सिनेमे बघून मला जे म्हणायचं होतं, ते त्यांनी एकात म्हणून टाकलं, आणि तेही फुकटच्या तिकिटावर.

लिफ्टमध्ये आम्ही एकत्रच. पोरंही होती, ती एकमेकांच्या मानेवर हात ठेवून खिदळत होती. खाली पोचल्यावर काका थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला (मी या वेळी नुसताच दचकलो) आणि अगदी मायेने म्हणाले, "फुडच्या वेळाक घरातला कोण तरी सोबतीक घेवन ये."